रस्त्याखालच्या मोरीत वन्सं

“लोकांच्या गप्पा ऐकत बसू नकोस, तुझीच झोप उडते,” असं नवऱ्याने बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. दवाखान्याच्या रांगेत तान्ह्या लेकीला थोपटत ती पुढच्या नणंद-भावजयींकडे कान लावून बसली. नणंदेची कोपरं सोलली होती. एका आजींनी विचारलं,

“मोरीत घसरलात वाटतं?”

“न्हाणीतली मोरी नव्हे हो आजी, रस्त्याखालची,” भावजय म्हणाली. “माझा लेक चेंडूमागे आत गेला आणि अडकला. त्यात वरून पाणी सोडलेलं, हनुवटीला लागलं!”

“अगं बाई! मग?”

“पुरुषांचे खांदेच शिरेनात. आमच्या वन्सं सुळकन आत! पाय धरून सुखरूप बाहेर काढलं त्याला. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती!”

“आणि वहिनी, आजवर मला काडीपैलवान कोण म्हणायचं?”

“मीच! आता दुसरं कुणी म्हणू दे, जीभ हासडेन.”

“मग ताटात बळेबळे वाढणं बंद?”

“बंद! तुम्ही जाड झालात, तर पुन्हा आत कोण शिरणार?”

सगळी रांग हसली. तीही हसली, पण लगेच घरी फोन लावून थोरला कुठे आहे ते तिने विचारलं. तुमचंही पोर बराच वेळ गप्प असेल, तर वाचन राहू द्या; आधी बघून या.