अंगठा उमटेना

आमी मूळचे कळव्याचे, खाडीकाठचे, माझा जलम तिथला, बापसाचा तिथला, बापसाच्या बापसाचा पन तिथलाच, आनि सगळे मिठागरात. माझं नाव येसू. मी शाळेत गेले नाय, कोनी पाठवलं नाय, आनि मला त्याचं काय वाटलं पन नाय तवा, कारन आमच्या आळीतली कोनचीच पोर जात नव्हती. पन माझा भाऊ हरी, माझ्यापेक्षा दोन वर्सांनी धाकटा, त्याला वाचायचा जाम नाद. काय सांगू तुमाला, वान्याकडनं गूळ आनला की आयस गूळ काढून घ्यायची आनि हा कागद काढून घ्यायचा, मुंग्या झटकायचा आनि वाचत बसायचा. आयस बोलायची, अरे वाचून झाल्यावर चाट तरी, गूळ राहिलाय त्याला.

तसल्याच एका गुळाच्या कागदावर त्याला ते गावलं. मॅट्रिकची परीक्षा देऊन बसलेला, उन्हाळा होता. कागदावर लिवलेलं, मुंबईच्या कोन्या शेठच्या नावानं गरिबाच्या हुशार पोरांना कॉलेजात शिकायला स्कॉलरशिप देतात. हरी तो चिकट कागद घेऊन खाडीपार ठाण्याला बर्वे मास्तरांच्या घरी गेला. ते त्याचे शाळेतले मास्तर, मोठा मायाळू मानूस. मास्तर बोलले, अरे, हा कागद गेल्या वर्षीचा आहे, पण विचारायला काय हरकत आहे, आपण एक कार्ड टाकू. पत्ता घातला आमचा. आनि पंधरा दिवसांनी लिफाफा आला, बाबा. आमच्या घरात आलेला तो पयला लिफाफा. बापसानं आधी हात धुतले, धोतराला पुसले आनि मंग हातात धरला. उलटा धरलेला, पन धरला असा की आमी सगळ्यांनी पन हात पुसले.

आत फॉर्म होता. मास्तरांनी तो आपल्या हातानं भरला, सावकाश, प्रत्येक अक्षर कोरून. मी मास्तरांच्या ओट्यावर बसून बघत होते, मला वाटलं देवाला फुलं वाहतात तसं हे चाललंय. शेवटी एक चौकोन मोकळा राहिला. मास्तर बापसाला बोलले, इथे तुमचा डावा अंगठा, कचेरीतल्या साहेबांच्या समोर, त्यावर त्यांची सही आणि शिक्का. एवढंच तुमचं काम, बाकी मी बघतो. महिना संपायच्या आत मुंबईला पोचलं पाहिजे.

मंग आमी ठाण्याच्या कचेरीत गेलो, बापूस, हरी आनि मी. मी कशाला, तर कचेरी बघायला. तिथला कारकून भला होता, बोलला, फॉर्म एकच आहे ना, मग आधी कोऱ्या कागदावर उठवून बघू. बापसानं शाईच्या गादीवर अंगठा दाबला, कागदावर दाबला. नुसता जांभळा डाग, वांग्यासारखा. पुसला, परत दाबला, परत डाग. चार वेळा केलं. कारकुनानं खनातनं भिंग काढलं, बापसाचा अंगठा धरून बघितला आनि इचारलं, बाबा, काम काय करता? मिठागरात, बापूस बोलला. किती वर्षं? उभा राहायला लागलो तवापासनं. तर कारकून बोलला, तुमच्या अंगठ्याला रेघाच राहिल्या नाहीत, मिठानं खाल्ल्या, ह्या डागावर साहेब सही करणार नाहीत.

हरीचा चेहरा बघवत नव्हता. बापूस आपला अंगठा असा बघत होता जसा दुसऱ्या कोनाचा हाय.

कारकुनानंच मंग वाट दाखवली. आठ दिवस हात मिठात घालू नका, खारं पाणी लावू नका, खोबरेल चोळत राहा. रेघा परत येतात, मी हमालांच्या आलेल्या बघितल्यात. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते. पन तुमाला सांगते, वैशाख म्हनजे मीठ पिकायची येळ. मिठाची कोंडी, म्हनजे मीठ पिकवायचा आमचा वाफा, आठ दिवस सोडली तर मुकादम ती दुसऱ्याला देनार, मंग खायचं काय? होडीत बसल्यावर हरी बोलला, बाबा, राहू दे, मी रेल्वेत खलाशी लागतो. बापूस कळवा येईस्तोवर अंगठा धोतराला पुसत राहिला. घरी आल्यावर मला बोलला, येसू, माझं फावडं तू उचलशील? आता तुमाला काय सांगू, माझा बापूस मला कवा काय इचारत नव्हता, सांगायचा. त्यानं इचारलं, तितंच माझं सगळं आलं.

तवर मी नुसत्या मिठाच्या पाट्या वाहायची. मीठ ओढायचं काम पुरुषांचं. मुकादम हसला, बोलला, बघू किती दिवस टिकते. मी टिकले. हाताला भेगा पडायच्या, त्यात खार जायचा, रातचं जेवताना घास धरवायचा नाय. पन मी रडले नाय, खोटं कशाला बोलू, एकदा रडले. आनि घरी बापूस, ज्यानं जलमभर हात रिकामा ठेवला नाय तो, तेलाचं फडकं अंगठ्याला गुंडाळून ओट्यावर बसलेला. आळीतले चिडवायचे, काय रे, बारसं कवा करतोस ह्याचं? बापूस हसायचा पन नाय, अंगठा छातीशी धरून बसायचा. रोज सांजच्याला हरी फडकं सोडून बघायचा. पाचव्या दिवशी त्यानं हाक मारली, बाय, ये, एक आली. कडेला, केसागत बारीक, एक रेघ. आमी सगळी वाकून बघत होतो, आयसनं तर हात जोडले.

नवव्या दिवशी कचेरीत अंगठा उमटला. पुरा, गोल गोल, पान्यात खडा टाकल्यावर फिरतात तशा रेघा. कारकुनानं बापसाच्या हातात भिंग दिलं. मागं लोक उभे होते आनि माझा बापूस वाकून आपला अंगठा बघत राहिला, बघतच राहिला. मंग बोलला, एवढं कोरून ठेवलेलं देवानं, आनि मला ठावंच नव्हतं. भिंग त्यानं मला दिलं, बघ पोरी. मी त्याचा बघितला, मंग गुपचूप माझा. माझ्या रेघा पुसट झालेल्या. मी अंगठा मुठीत घेतला, कोनाला बोलले नाय.

फॉर्म येळेत पोचला, स्कॉलरशिप मिळाली. हरी मुंबईच्या कॉलेजात गेला, आमच्या आळीतला पयला. पन दर वर्सी नवा फॉर्म, त्यावर परत तो अंगठा लागायचा. चार वर्सं, दर वैशाखात बापसाचा अंगठा तेलात आनि फावडं माझ्या हातात. मधी माझं लगीन झालं, बाळकुमला दिली, तिथं पन मिठागरच. तरी त्या आठ दिवसांना मी माहेरी यायची, सासू बोलायची, हिचा हा कंचा सण? हरी शिकला, मास्तर झाला, बर्वे मास्तरांच्या पाया पडून आला. फॉर्म संपले. पन बापूस मरेपर्यंत वैशाख आला की अंगठ्याला तेल लावायचा आनि उजेडात धरून बघायचा.

आता ते मिठागर नाय, तिथं इमारती झाल्या. मागच्या महिन्यात रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला, मशीन घेईना. दुकानातली पोर बोलली, आजी, रेघा गेल्यात तुमच्या, तेल लावून परत या. मला हसू आलं, थांबेचना. ते हरीला सांगितलं फोनवर, आनि पयल्यांदाच ते पन सांगितलं, की कचेरीत भिंगातनं मी माझा अंगठा पन बघितलेला. त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दारात उभा, खोबरेलाची बाटली घेऊन. ऐंशीच्या घरातला मानूस, काठी टेकत आलेला. माझा हात मांडीवर घेतला आनि चोळायला लागला. मी बोलले, अरे, मला आता कंचा फॉर्म भरायचाय? तो बोलला, बाय, आठ दिवस गप बसायचं. रोज येतो, चष्मा पुसतो आनि वाकून बघतो, एखादी आली का. देव त्याला सुखात ठेवो. आज पाचवा दिवस हाय.