तळ्याच्या वरल्या अंगाला

माझं नाव कौसाबाई. माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवंला लागून. माय सांगायची, आमच्या लोकानं दीक्षा घेतली तवा मी अंगावर पीत व्हते, तर माझं वय त्यावरनं मोजा, कागूद काई न्हाई. लगीन लौकर झालं, सासर औशाकडं, आन् सासरी येऊन वरीस झालं नसंल तर बहात्तरचा दुष्काळ पडला. काय सांगू तुम्हाला, हिरीच्या तळाला वाटीनं पानी भरायचं आन् ते बी गाळून. नवी नवरी म्हनून कोन घरात बसवतंय, घमेलं घेतलं आन् सासूच्या मागं सडकेच्या कामावर गेले.

सडकेला मुरूम लागायचा, तो आप्पाच्या माळावून काढायलते. आप्पा म्हंजी गावातले मोठे शेतकरी, मानूस तसा बरा, बोलायला कडक. मुरूम काढू काढू तितं मोठा खड्डा पडला, वरून नाला यायचाच, मंग आप्पाच्या डोसक्यात आलं की खालच्या अंगाला बांध घातला तर आपलं घरचं तळं व्हतंय. आमालाच लावलं बांधाला, मजुरी जवारीत. बांधाच्या जागंवर एक बाभळीचं खोड व्हतं, हे एवढं, मुळ्यासगट काढायला पायजे व्हतं. मी मुकादमाला म्हनलं, मामा, ह्या खोडाचं काय? तो म्हनला, टाक माती वरून, पाऊस यायच्या आत बांध उभा ऱ्हायला पायजे. टाकली. माझ्याच हातानं टाकली.

मधी धा वर्सं गेली. तीन लेकरं झाली, एक गेलं, ते न्हाई सांगत. मंग लातूर जिल्हा झाला. आदी कागदापत्रासाठी उस्मानाबादला जावं लागायचं, सगळा दिस एस्टीत जायचा. आता लातूरला कचेऱ्या आल्या, इमारती उठायल्या, गावातले तरनेताठे तिकडं बांधकामावर गेले, त्यात आप्पाचा राखनदार बी गेला. तळ्यावर आप्पानं इंजिन बसवलं व्हतं, मोसंबी लावली व्हती, इंजिनाचं सामान चोरीला जायचं. तर आप्पा आमच्या घरच्यानला म्हनले, तुळशीराम, सालानं ऱ्हा, बायकापोरं घेऊन तळ्यावरच ऱ्हा, खोपटाला बल्ल्या-पाचट मी देतो. आमचे हे लई खुश. मी बी खुश.

दुसऱ्या दिशी आप्पानं जागा दावली. बांधाच्या खाली, जांभळीच्या सावलीत. सपाट जागा, काळी माती, प्यायच्या पान्याचा आड चार पावलावर. कोनाला बी आवडंल अशी. हे तर टिकाव घेऊन उभेच. मी बांधाकडं बगितलं आन् म्हनलं, आप्पा, इथं न्हाई.

त्या काळात आमच्यातली बाई आप्पाम्होरं असं बोलत नसती. हे माझ्याकडं असे बगायले की आता जीब उपटतेत. आप्पा म्हनले, कामून? मी म्हनलं, बांधात खोड हाय, ते आतल्या आत कुजलं असंल, पानी तितून वाट काढंल. तुला कोनी सांगितलं? कोन कशाला सांगंल, त्यावर माती मीच टाकली. आप्पानं बांधाकडं बगितलं. मंग म्हनले, धा वर्सं झाली, थेंब न्हाई गळाला, तू काय इंजिनेर हाईस? न्हाई म्हनलं, पन माझे लेकरं इथं निजनार न्हाईत. आप्पा म्हनले, मंग तूच धुंड जागा, पन इंजिन दिसलं पायजे.

मी तळ्याला सगळा वळसा घातला. नाल्याच्या तोंडाशी गवत चांगलं व्हतं, पन तितं नाला कवा बी घुसंल. लिंबाखाली गेले, तर बिळंच बिळं, सापाकिरड्याची जागा. मंग वरल्या अंगाला मुरमाचा उंचवटा व्हता, उघडा बोडका, झाड न्हाई झुडूप न्हाई. तितं घागर वतली आन् पानी कुठं पळतंय ते बगत बसले. थांबलं न्हाई, चहूकडं निघून गेलं. म्हनलं, हीच जागा. झडीचा पाऊस मावळतीकडून मारतोय म्हनून दार उगवतीला केलं. दारात बसलं की बांध, इंजिन, जांभूळ, सगळं डोळ्याम्होरं.

हे टिकाव आपटत वर आले. म्हनले, आता तूच मर पानी वाहून. खरंच व्हतं ते. आड खाली, मी वर, दोन घागरी घेऊन चढायचं, उन्हाळ्यात मुरूम असा तापायचा की चप्पल चटके द्यायची. आप्पाचे गडी हसायचे, माळावरली इंजिनेर आली म्हनायचे. एक वरीस गेलं, दोन गेले, सात वर्सं गेली, बांधाला काईच न्हाई. मलाच वाटायलं, आपन उगं लेकराला उन्हात ठिवलं, चुकलो का काय.

मंग त्या साली झड लागली, तीन दिस. तळं तट्ट भरलं. लेकरं शाळंत व्हते. दुपारी पाऊस थांबला तसं मी दारात डाळ निवडत बसले, तर बांधाच्या पायथ्याला बोटाएवढी धार दिसली. तळं तट्ट भरलं की मातीच्या बांधाला पाझर सुटतोयच, पन तो नितळ असतोय. ही धार गढूळ. म्हंजी बांधच वाहून चाललाय. आन् बगते तर हे जांभळीखाली बैलाला पेंड चारायलेत.

मी पळाले. पडले, उठले, पळाले. वरडले, बैलं सोडा, वर या. हे म्हनले, काय झालं? मी म्हनलं, इचारू नका, सोडा. एक दावं सुटंना, म्हनून इळ्यानं कापलं. आमी माळ चढून अर्ध्यात आलो आसू, मागं असा आवाज झाला, जशी भिंत बसावी. जांभळीच्या बुडाला मानूसभर पानी फिरलं, आड गाळानं बुजला.

हे खोपटात येऊन बसले.  मंग म्हनले, चहा ठेव. कप तसाच बाजूला ठिवला आन् कापलेलं दावं गाठ मारून जोडायले. 

सांजच्याला आप्पा आले. फुटल्या जागी खोड उघडं पडलं व्हतं, काळं, आतून पोकळ. बगत उभे ऱ्हायले. मला वाटलं, आता म्हनतील, तूच माती टाकलीस. मला तीच लाज वाटायलती. तर म्हनले, कौसाबाई, तुज्या खोपटाला पत्रे धाडतो. बास, तेवढंच. आठ दिसात पत्रे आले. बांध पुन्ना घातला तवा पायथा खंदायच्या आदी मला बलवून बगायला लावलं.

आता आप्पा न्हाईत. मी लातूरला लेकाकडं असते, नळ आठ-धा दिसाला येतोय, पन दारात येतोय. गुडघे गेले, बाकी मागनं काई न्हाई. आमचे हे मातर शेवटपत्तूर तळ्यावरच ऱ्हायले. मी म्हनायचे, आता काम न्हाई काई न्हाई, उन्हात कामून बसताव, चला लेकाकडं. तर दारातून उठायचे न्हाईत. म्हनायचे, तू जा, इथून सगळं दिसतंय.

तुमी लांबून आलाव. भाकर खाऊन जावा. लेकरंबाळं सुखात ऱ्हावो तुमचे. जयभीम.