स्क्रीनच्या खालचं बटन

अल्का : सेव्हचं बटन आहे, बाबूजी. स्क्रीनच्या खाली राहिलंय. नवीन विंडोज टाकताना जुना डिस्प्ले ड्रायव्हर गेला, म्हणून सगळं असं फुगून दिसतं. कॉम्प्युटरसोबत आलेली सीडी द्या.

केशोराव : ते नाई आता.

अल्का : नाही म्हणजे?

केशोराव : वावरात बांधली. पोपट लय येतात धानावर. चमकली का पळतात.

अल्का : शाळेची सीडी?

केशोराव : बेकार पडून होती, मॅडम.

अल्का : दहावीचे फॉर्म उद्या बोर्डाला जायचे आहेत. सहा तास विज्ञान शिकवून मी इथे बसले आहे, आमगावची गाडीही गेली. आणा ती सीडी, पुसून पाहू.

केशोराव : चोची मारल्या असन पोपटायनं.

अल्का : तुमचं धान मागच्या महिन्यातच कापून-चुरून घरी आलं. नव्या धानाचे पोहे तुम्हीच वाटले स्टाफला. पोपट आता कशावर येतात?

(केशोराव टेबलाचा खण उघडून सीडी काढतात.)

अल्का : इथेच होती. मग लपवली कशाला?

केशोराव : तुमी ठीक करून द्याल म्हणून.

अल्का : म्हणजे?

केशोराव : सोमवारी सिस्टीम टाकली अन् अक्षर हे एवढं मोठं झालं. वर्षभरात पयल्यांदा मले पोरायचे नाव वाचता आले. तोवर अंदाजानंच टाइप करून राहिलो होतो.

अल्का : मागच्या वर्षी दहावीच्या फॉर्मवर आचलची जन्मतारीख चुकली होती...

केशोराव : मीच चुकवली. तुमाले नागपूरले बोर्डात चकरा माराव्या लागल्या.

अल्का : तीन. डोळे दाखवले का कुठे?

केशोराव : डॉक्टर कागद लिहून देते. तो कागद हेडमास्तरकडे गेला का क्लार्कची खुर्ची गेली. रिटायर व्हाले चौदा महिने राह्यले माझे.

अल्का : आणि फॉर्मच सेव्ह झाले नाहीत तर मुलं परीक्षेला कशी बसतील?

केशोराव : टाका मंग सीडी. मी काय म्हणू?

अल्का : थांबा. शेवटच्या रकान्यात जा. टॅब दाबा. अजून एकदा. आता एंटर.

केशोराव : बटन तं दिसत नाई.

अल्का : दिसत नाही, पण दबतं. यादी उघडा. काय आलं?

केशोराव : हिमांशू टेकचंद बिसेन.

अल्का : जन्मतारीख?

केशोराव : चौदा जून त्र्याण्णव.

अल्का : बरोबर. अक्षर राहू द्या असंच. पण गुरुवारी माझ्यासोबत गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्यात यायचं.

केशोराव : अन् तो कागद?

अल्का : तुमच्या खिशात राहील. जन्मतारखा मात्र मी तपासल्याशिवाय एकही फॉर्म जाणार नाही.

केशोराव : डाव्या डोळ्यानं तं काईच दिसत नाई, मॅडम. घरी बी नाई सांगितलं.

अल्का : मग खुर्ची थोडी सरकवा. डाव्या बाजूला मी बसते.