ढिगाशेजारचा वाफा

भोरच्या स्टँडवर आंबवड्याच्या एसटीसाठी नलू रांगेत उभी होती. मागं ठकुबाई नव्या गमबुटांचा जोड उराशी धरून उभ्या होत्या आणि शेजारीण रत्ना त्यांची चेष्टा करत होती.

“मामी, गमबूट? भातलावणी तर कवाच झाली.”

“मालकांसाठनं गं. परसात दोडक्याचं येल उपटून ढीग घातलाय. त्यात घोणस हाय. सकाळी कुकरवानी फुसफुसली.”

“आगं बया! आन् मामा कुठं हाईत?”

“तितंच, वाफं करत्यात. थंडीच्या आत लसूण लागला पायजे म्हणून हटत न्हाईत. ते बी अनवाणी. पेरायच्या मातीत वहाण घालायची न्हाई म्हणं.”

“मग हे तरी घालतील व्हय?”

“पाया पडीन त्यांच्या.”

“पर मामी, त्यांना ऐकू येत न्हाई. ती फुसफुसली तरी…”

“म्हणून तर वरडून सांगून आले, ढिगाला हात लावू नगा. मान हलवली त्यांनी.”

“मग झालं की.”

“रत्ना, म्या काय बी बोलले तरी ते मान हलवत्यात.”

रत्ना हसली नाही. एसटी लागली तशी नलू दारातून बाजूला झाली.

“मामी, आधी तुम्ही चढा. दाराशीच बसा.”