रत्नप्रभा सिस्टरची डॉक्टरकी

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. "किती वेळा सांगितलं, पण ऐकतच नाही" हे वाक्य आज सकाळपासून कुणाकुणाच्या तोंडून निघालं? बघा, हसले! सुनेला म्हटलं, सासूला म्हटलं, गोठ्यातल्या बैलाला म्हटलं. नवऱ्याला म्हणायचं बायकांनी केव्हाच सोडून दिलंय, ते वेगळं. पण माझा प्रश्न असा – समोरचा ऐकत नाही, असं म्हणायचा अधिकार कुणाला? आपण त्याचं किती ऐकलं, याचा विचार कोण करतं?

ऐका तर. आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. एका नर्सबाईचं आहे.

देवपिंपरी नावाचं तालुक्याचं गाव. तिथं सरकारी दवाखाना, तीस खाटांचा. त्या दवाखान्यात रत्नप्रभा सोनटक्के नावाच्या सिस्टर. वय अठ्ठेचाळीस, नोकरीला पंचवीस वर्षं झालेली. हात असा हलका, की सुई टोचली तरी माणूस विचारायचा, सिस्टर, टोचणार कधी? आणि जीभ? जीभ तेवढी हलकी नव्हती! अख्खा दवाखाना त्यांना वचकून असायचा. मोठे डॉक्टर पाथ्रीकरसुद्धा त्यांच्या टेबलाजवळून जाताना चप्पल न वाजवता जायचे.

तर या सिस्टरांच्या मनानं घेतलं, आपण डॉक्टर व्हायचं. आता मंडळी, डॉक्टर दोन प्रकारचे. एक औषध देणारे, दुसरे शोध करणारे, ज्यांना पीएचडी म्हणतात. तिसराही एक असतो, तो पारावर बसून सगळ्यांना सल्ला देतो, त्याला पदवी लागत नाही. सिस्टरांना व्हायचं होतं दुसऱ्या प्रकारचं. विद्यापीठानं एक अभ्यासक्रम काढला होता, दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच. नोकरी सांभाळून शिकायचं, आणि शिकायचं काय, तर नुसता रोग न बघता अख्खा माणूस कसा बघावा, आणि तसा बघता यावा म्हणून दवाखान्याची रीत कशी बदलावी. अकरा जणांना प्रवेश मिळाला. दहा डॉक्टर, आणि अकराव्या आपल्या सिस्टर.

पाथ्रीकर डॉक्टरांना कळलं तेव्हा ते हसत म्हणाले, "सिस्टर, पीएचडी झाल्यावर सलाईन काय संस्कृतमधून लावणार?" सगळा स्टाफ हसला. सिस्टरही हसल्या. पण घरी जाऊन भाजी चिरताना सुरी जरा जोरातच चालली म्हणतात.

त्यांच्या मार्गदर्शक होत्या प्राध्यापक फरीदा मुजावर. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, कशावर शोध करणार ते लिहून आणा. सिस्टरांना शोधायला कुठं जायचं होतं? पंचवीस वर्षांचा राग साठलेला! त्यांनी ठसठशीत अक्षरात विषय लिहिला – ‘रुग्ण सांगितलेलं का ऐकत नाहीत’. आणि पहिलंच उदाहरण दिलं हौसाबाई कासारांचं.

या हौसाबाई कोण? बांगड्या विकणाऱ्या. आठवड्याचे पाच बाजार करायच्या. पाच महिन्यांत तीनदा दवाखान्यात भरती झालेल्या. लघवीला जळजळ, मग थंडी, मग ताप. दर वेळी औषध व्हायचं, बरं वाटायचं, आणि घरी सोडताना सिस्टर बजावायच्या, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. हौसाबाई मान हलवायच्या. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला सिस्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना झापलं. म्हणाल्या, पाणीच प्यायचं आहे ना, त्याला काय डोंगर फोडायचा आहे? हौसाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. त्याच संध्याकाळी ताप चढला, विष रक्तात भिनलं, आणि त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं. चार दिवस बाईला शुद्ध नव्हती. वाचल्या, पण डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाचा भरवसा नाही.

हे सगळं सिस्टरांनी लिहिलं होतं. फरीदा मॅडमनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, या बाई दिवसभर काय करतात?

सिस्टर म्हणाल्या, बांगड्या विकतात.

मॅडम म्हणाल्या, ते त्यांचं काम झालं. दिवस कसा जातो?

सिस्टर आठवायला लागल्या. तीनदा भरती झालेली बाई! तिचा रक्तगट माहीत, ताप माहीत, वजन माहीत. दिवस माहीत नाही.

मग मॅडमनी पेन घेतलं, त्या ठसठशीत विषयावर एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "रत्नप्रभाताई, त्यांनी काय ऐकलं नाही हे तुम्ही लिहिलंय. तुम्ही काय ऐकलं नाही, ते आधी शोधून या." आणि काम दिलं. एक अख्खा दिवस त्या बाईबरोबर काढायचा. गणवेश घालायचा नाही. आणि सल्ला द्यायचा नाही!

मंडळी, नर्सबाईला सांगणं की सल्ला देऊ नको, म्हणजे मला सांगणं की महाराज, कीर्तनात बोलू नका.

पण गेल्या. हौसाबाई बऱ्या होऊन बाजाराला लागल्या होत्या. देवपिंपरीच्याच सोमवारच्या बाजारात सकाळी आठला सिस्टर साध्या साडीत त्यांच्या कापडी पालापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हौसाबाई आधी घाबरल्या, त्यांना वाटलं सिस्टर झापायला बाजारापर्यंत आल्या. मग पोतं झटकून बसायला जागा दिली.

सिस्टर बसल्या. पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढून समोर ठेवली. सल्ला द्यायचा नव्हता, पण करून दाखवायला कुणी मना केलं होतं? दर अर्ध्या तासाला घटाघट पाणी. हौसाबाई बघत होत्या, बांगड्या भरत होत्या. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन दाबायच्या, आणि हात दाबता दाबता घरची चौकशी करायच्या. सिस्टरांच्या मनात आलं, ही बाई एका हाताच्या बांगड्या भरताना जेवढं विचारते, तेवढं मी आठ दिवसांच्या भरतीत विचारत नाही.

साडेअकरा वाजले. बाटली संपली. आणि मंडळी, जे पोटात जातं ते बाहेरही यायला मागतं! यात लाजायचं काय? देवानं देह दिला तो असाच दिला. सिस्टरांनी हळूच विचारलं, हौसाबाई, जायचं कुठं?

हौसाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "मला तेच इचारायचं होतं शिस्टर, पाच महिनं झालं. पर तुमी दम कुटं घेऊ दिला?"

मग त्यांनी बसल्या जागेवरूनच बोट करून सगळा मुलूख दाखवला. तिकडं जनावरांचा बाजार, चारी बाजूंनी गडी माणसं. तिकडं नाला, पलीकडं चहाच्या टपऱ्या. एसटी स्टँडवर आहे, पण तिथवर जाऊन यायचं तर पाल कुणाच्या भरवशावर सोडायचं? म्हणून बाजाराच्या दिवशी पहाटे घरून निघताना जे पाणी प्यायचं ते प्यायचं, मग रात्री घरी जाईपर्यंत नुसती चूळ भरायची. शेजारच्या भाजीवाल्या, पलीकडच्या मिरचीवाल्या, सगळ्या तशाच.

सिस्टर म्हणाल्या, अहो, मग आमच्या दवाखान्यात यायचं. इथून हाकेच्या अंतरावर आहे.

हौसाबाईंचं हसू मावळलं. साडीच्या दुकानात भाव विचारावा तितक्या साधेपणानं त्या म्हणाल्या, "तिथं वार्डाभाईर बायकांचा संडास हाय, त्याला कुलूप असतंय शिस्टर. दोनदा येऊन परत गेले मी."

मंडळी, इथं सिस्टरांच्या पायाखालची जमीन हलली. कारण ते कुलूप कुणी लावलं होतं? दोन वर्षांपूर्वी, पेशंट घाण करतात म्हणून, खुद्द रत्नप्रभा सिस्टरांनी! किल्ली त्यांच्याच टेबलाच्या खणात असायची. आणि आजच्या दिवशी ती आणायला जायचं तरी कुठल्या तोंडानं? त्या उठल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत, पाल उठेपर्यंत, तशाच बसून राहिल्या, दात आवळून. पुढं त्यांनीच सांगितलं, की दुपारी चारनंतर मला बाजारातलं काही दिसेना, कानावर शब्द पडेना, फक्त पोटातली कळ तेवढी कळत होती. आणि मनात एकच, ही बाई आठवड्यातून पाच दिवस असं काढते, आणि मी तिला डोंगर फोडायचा आहे का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रथम त्यांनी कुलूप काढलं. पहिल्या आठवड्यात घाण झाली ती स्वतः बादली घेऊन धुतली. मग सफाईच्या पाळ्या बांधल्या, पाण्याची टाकी दुरुस्त करून घेतली. आणि शोधाला लागल्या. तीन वर्षं! बाजारात बसणाऱ्या, रस्त्याचं काम करणाऱ्या, शेतमजूर, अशा दोनशेवर बायकांशी बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, ऐकलं.

पाथ्रीकर डॉक्टर म्हणाले, सिस्टर, संडास हा काही औषधांच्या यादीत येत नाही. सिस्टर भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढंच मागितलं, की महिनाभर लघवीच्या तक्रारीची जी बाई येईल तिला गोळ्या लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा, तुमचा दिवस कसा जातो? डॉक्टरांनी कटकट नको म्हणून कबूल केलं. महिन्यात एकतीस बायका आल्या. सव्वीस जणी म्हणाल्या, कामावर पाणी पीत नाही, जायला जागा नाही. महिना संपला त्या दिवशी डॉक्टर स्वतः सिस्टरांच्या टेबलापाशी आले, चप्पल वाजवत आले, आणि म्हणाले, नगरपंचायतीला जे पत्र लिहायचंय त्यावर माझी सही घ्या, आणि मीही बरोबर येतो.

गेले दोघं. नगरपंचायतीचे साहेब म्हणाले, तरतूद नाही. पुन्हा गेले, म्हणाले, जागा नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, हा तर आरोग्य खात्याचा विषय. चौथ्यांदा हौसाबाई बरोबर गेल्या, पाठीमागं चाळीस बाजारकरणी. हौसाबाईंनी पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, सोमवारी माझ्या पालावर या. ह्या दोन बाटल्या प्या आन् दिवस मावळेपर्यंत बसा. पाव्हणचार समजा."

साहेब काही आले नाहीत. पण आठ दिवसांत जागा सापडली! बाजाराच्या कडेला बायकांसाठी चार शौचालयं झाली. लगेच सगळं सोन्याचं झालं असं नाही हं. मध्ये दोन महिने नळालाच पाणी नव्हतं, सिस्टर पुन्हा खेटे घालत होत्या. पण दवाखान्यात त्या दुखण्यानं भरती होणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. हौसाबाईंना एकदा जळजळ झाली, चार दिवस गोळ्या घेतल्या, उतरली. आणि दवाखान्याच्या केसपेपरवर एक ओळ कायमची छापली गेली – ‘दिवस कसा जातो?’

मग आली शेवटची तोंडी परीक्षा. मोठा हॉल, समोर परीक्षक, मागं बॅचमधले बाकीचे दहा जण, आणि शेवटच्या रांगेत हौसाबाई, नवी कोरी साडी नेसून. बाहेरगावहून आलेले परीक्षक प्रबंध चाळत म्हणाले, बाई, काम चांगलं आहे, पण यात नवीन काय शोधलंत? पाणी प्यावं, शौचालय असावं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

सिस्टरांनी एकदा मागं हौसाबाईंकडं पाहिलं. म्हणाल्या, "होय सर. सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि कुलूप मीच लावलं होतं. पान एकशे बारा बघा, ते माझ्यावर लिहिलंय."

परीक्षकांनी पान काढलं. वाचलं. चष्मा काढून पुसला, आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता सही केली. फरीदा मॅडम कमी बोलायच्या ना? त्या दिवशी त्या उठून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होत्या.

आता दवाखान्यात त्यांना काय म्हणायचं, हा घोळ आहे. सिस्टर म्हणावं तर पदवी डॉक्टर, डॉक्टर म्हणावं तर सवय सिस्टरची. गावानं मधला मार्ग काढला, डॉक्टरसिस्टर!

झालं आख्यान. छान वाटलं? मला नाही वाटत.

मंडळी, आज या मंडपात माझा सहावा दिवस. रोज समिती विचारते, महाराज, आवाज नीट येतोय ना, मृदंग जुळलाय ना? मीही विचारतो, गर्दी किती? आयाबायांनो, तुम्ही सकाळी सातला येऊन बसलात, आता साडेअकरा. घोटभर तरी पाणी किती जणींनी घेतलं? हात वर करू नका. माना खाली गेल्या, मला कळलं. सहा दिवस मी तुम्हाला ऐका, ऐका म्हणतोय. मी एकदाही विचारलं नाही, तुमचा दिवस इथं कसा जातो.

शाळा पन्नास पावलांवर आहे, सुट्टी आहे, तिथं बायकांची सोय आहे. कोण उठतंय? हां, उठले बघा समितीचे दोघं. सरपंच, तुम्हीही जा, दार उघडा, पाणी भरा. आणि मायांनो, तोवर ही घागर रांगेतून फिरू द्या, पोटभर प्या. आरती थांबेल. देवही थांबेल. तुमचं थांबून फार झालं.

उचला टाळ, नाव घ्या.