मास्तरांची टोपली

मास्तर: टोपली जागेवर आहे. आतलं तेवढं गेलं.

ताई: कुठली टोपली, मास्तर? नीट दाखवा मला.

मास्तर: ही काय, संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात. आधी कागदांनी भरलेली दिसायची. गेल्या आठवड्यात मशीन जड चालतंय म्हणून तुम्हाला बोलावलं, तुम्ही साफसफाई करून गेलात, आणि तेव्हापासून ही अशी. म्हटलं, माझंच बोट कुठेतरी वाकडं पडलं असेल. शोध शोध शोधलं. शेवटी फोन केला तुम्हाला.

ताई: मास्तर, ही टोपली नाही. हा कचऱ्याचा डबा आहे.

मास्तर: काहीतरीच काय! कचऱ्याचा डबा कुणी टेबलावर ठेवतं का?

ताई: संगणकवाले ठेवतात. खाली नाव लिहिलंय बघा.

मास्तर: ते नाव आहे होय? मला वाटलं, काच मळलीय. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा अजून पिकतोय. मला चित्र दिसतं, अक्षर नाही दिसत.

ताई: तुम्ही यात काय ठेवलं होतंत?

मास्तर: अहो, आमच्या दुकानात कापड बेतून झालं की टोपलीत. बाही, कॉलर, पाठ, सगळे तुकडे एका गाठीत बांधायचे आणि टोपलीत ठेवायचे. टेबलावर फक्त हातातलं काम. कचरा असतो तो जमिनीवर, संध्याकाळी झाडून काढायचा. उभ्या जन्मात टोपलीतलं गिऱ्हाइकाचं काही हरवलं नाही. टोपलीला हात लावायची कारागिराची टाप नव्हती.

ताई: मास्तर, काय होतं त्यात?

मास्तर: हिचा आवाज.

ताई: काकूंचा?

मास्तर: झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, ते तुम्हाला माहीत आहेच. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्या म्हणाल्या, रोज एकेक वस्तू दाखवा, नाव विचारा आणि संगणकावर टेप करून ठेवा, म्हणजे सुधारणा कळते. मी रोज करायचो. आधी नुसतंच 'अं, अं'. मग 'वा' आणि कितीतरी वेळाने 'टी'. मग एकदम 'वाटी'! तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की ही घाबरली.

ताई: आणि त्या सगळ्या फाइल यात टाकल्यात.

मास्तर: टेबलभर पसरल्या होत्या. तुम्हीच म्हणालात, पडदा मोकळा ठेवावा. मग उचलल्या, टोपलीत ठेवल्या. सकाळी चहा झाला की एक बाहेर काढायची, ऐकायची, परत टोपलीत. टोपलीतल्या टोपलीत वाजत नाहीत ना त्या.

ताई: वाजणार नाहीतच. टाकून दिलेल्या असतात त्या. मास्तर, तो माउस सोडा आधी. हात मागे घ्या. कशालाही हात लावू नका.

मास्तर: एवढं काय झालं? तुमचा चेहरा का उतरला?

ताई: हा डबा मी रिकामा केला. तुम्ही कुठे चुकला नाहीत. मी केला. संगणकाने विचारलंही, कायमचं काढू का? मी न बघता 'हो' दाबलं. सगळ्यांच्या घरी दाबते. डब्यात कुणी काही जपून ठेवत असेल असं कधी मनातच आलं नाही माझ्या.

मास्तर: म्हणजे गेलं?

ताई: अजून तसं म्हणता येत नाही. ऐका. संगणक फाइल लगेच पुसत नाही. नुसती जागा मोकळी झाली अशी नोंद करतो. आवाज तिथेच पडून असतो, दुसरं काही त्या जागी येऊन बसेपर्यंत. माझ्याकडे एक प्रोग्राम आहे, तो संगणकाच्या आतल्या डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळतो. मी गेल्यानंतर तुम्ही यात नवीन काही भरलं नसेल, तर बरंचसं मिळेल. नाही ना भरलं?

मास्तर: नवीन म्हणजे कसलं?

ताई: मास्तर?

मास्तर: तुम्ही अभ्यास दिला होता.

ताई: कसला?

मास्तर: लेक नातवाचे व्हिडिओ पाठवते, ते उतरवून घ्यायचे. रोज सराव करा म्हणालात. नुसतं ऐकून शिवण येत नाही, हात चालवावा लागतो, असं मीच माझ्या पोरांना सांगायचो. मग बसलो. टोपली सापडेना म्हणून डोकं फिरायचं, तर मन रमवायला पुन्हा व्हिडिओ उतरवायचो. एकदा चुकला की पुन्हा. काही दोनदोनदा उतरलेत.

ताई: किती उतरवलेत?

मास्तर: होते नव्हते तेवढे सगळे. रांगतोय, दूध सांडतोय, कुत्र्याच्या मागे पळतोय. तुम्ही शाबासकी द्याल वाटलं.

ताई: व्हिडिओ फार जागा खातात, मास्तर.

मास्तर: म्हणजे नातू आजीच्या जागेवर जाऊन बसला म्हणायचं.

ताई: तसं बोलू नका ना. थांबा, प्रोग्राम लावते. ही पट्टी पुढे सरकेल. वेळ लागेल. एक विचारते, लेकीला कधी पाठवले होतेत का हे आवाज? एखादा तरी?

मास्तर: नाही. हिने हात धरला होता माझा. लेकीचं नाव घेतलं की मान अशी हलवायची, नको म्हणून. घरात हिच्या तोंडापुढे कुणी टिकत नव्हतं हो. गिऱ्हाईक माझ्याशी भाव करायचं नाही, हिला भ्यायचं. तिने लेकीसमोर 'वा... टी' म्हणायचं? मी म्हटलं, बरं. हे आपल्या दोघांतच राहील.

ताई: आणि कुठे उतरवून नाही ठेवले? फोनमध्ये?

मास्तर: फोनमध्ये मला अलार्मसुद्धा लावता येत नाही. बघा, वाजला. लेकच आहे. स्पीकरवर टाका, मला ते हिरवं बटण ओढता येत नाही.

लेक: अण्णा! काल फोन का नाही घेतलात? आणि एवढे कुजबुजताय कुणाशी?

मास्तर: संगणकाच्या ताई आल्यात. सहज, डागडुजी.

लेक: नमस्कार ताई. आमचे अण्णा तरबेज झाले हं तुमच्यामुळे. अण्णा, पिल्लाचे व्हिडिओ उतरले का सगळे? हे मला चिडवतात, तुझ्या वडलांना जमायचं नाही म्हणून.

मास्तर: त्यांना म्हणावं, सगळे उतरले. एकही राहिला नाही.

लेक: कुत्र्यामागे पळतो तो पाहिलात? आई असती तर वेडी झाली असती ना?

मास्तर: झाली असती.

लेक: आवाज का असा येतोय तुमचा? ताई, बरे आहेत ना हे? जेवले का?

ताई: मी... हो. बरे आहेत. जरा काम चाललंय.

मास्तर: घसा बसलाय गं. ठेव आता. ताईंचा वेळ जातोय.

लेक: आणखी पाठवलेत आज, तेही उतरवा!

मास्तर: उतरवतो. ठेव.

ताई: तुम्ही तिला सांगायला हवं होतं.

मास्तर: काय सांगू? तुझं पोर तुझ्या आईवर बसलंय? ती पुन्हा जन्मात व्हिडिओ पाठवणार नाही. राहू दे. पट्टी कुठवर आली?

ताई: होत आली. मास्तर, तुम्ही मला रागवत का नाही? एक शब्द बोला.

मास्तर: एका कारागिराने एकदा नवरदेवाच्या कोटाची पाठ कापली कात्रीने. मी काय काय नाही बोललो त्याला! पोरगं दुसऱ्या दिवशी आलंच नाही, आणि कोट काही जुळला नाही. तुम्ही यायचं बंद करू नका म्हणजे झालं. आता घरात दुसरं येतं कोण?

ताई: झालं. आली यादी.

मास्तर: आहेत?

ताई: नावं आहेत. ही सगळी नावं काकूंच्या फाइलींची. पण... ही रिकामी. हीसुद्धा. हिच्यात व्हिडिओचा तुकडा घुसलाय. ही उघडतच नाही.

मास्तर: खालच्या बघा. खालच्या नंतरच्या आहेत, तोवर बरंच बोलायला लागली होती.

ताई: बघतेय. नाही. नाही. ही... मास्तर, हिची सुरुवात शाबूत दिसतेय. लावू?

मास्तर: थांबा, चष्मा... चष्म्याचं काय काम आहे म्हणा. लावा.

(संगणकातून मास्तरांचाच आवाज येतो: "हं, झालं सुरू. आता इकडे बघ. हे माझ्या हातात काय आहे? सांग बरं." मग काहीच ऐकू येत नाही.)

मास्तर: आवाज वाढवा.

ताई: पूर्ण मोठा आहे.

मास्तर: काय दाखवत होतो मी तिला? कात्री असेल. नाहीतर मापाची टेप. ...नाही आठवत.

ताई: मास्तर, वेळेचा काटा पुढे सरकतोय, पण पुढे आवाज नाहीये. तेवढी जागा कोरी झाली. फाइल संपेपर्यंत असंच राहणार. बंद करू का?

मास्तर: नको, चालू राहू दे. तिला जरा वेळ लागतो.