अण्णाचा कावळा आणि माझी एस्प्रेसो

मी हॉटेलातल्या मशीनला हात का लावत नाही, विचारताय ना? ऐका तर.

आमचं एस्प्रेसोचं मशीन थोरल्या भावाचं, अण्णाचं. दुसऱ्या कुणी त्याला शिवायचं नाही. गेल्या महिन्यात अण्णा गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

मामा म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय त्याची."

मी सायकल हाणत मल्लेश्वरमला हॉटेलात गेलो, मशीनवर काफी केली, तांब्यात आणून पिंडाशेजारी ठेवली. कावळे आणखी लांब जाऊन बसले.

मामांनी तांब्यातली घोटभर चाखली. "पूड कुठली घातलीस?"

"फिल्टरची."

"ती जाड असते रे! मशीनला बारीक लागते, तीही घट्ट दाबून. तुझं पाणी सरळ खाली धावलंय. अण्णाला हे पाजतोस?"

"जमेल मामा. स्वल्प सवय होऊ दे."

कावळे जागचे हलेनात. मला रडू फुटलं. हात जोडून ओरडलो, "अण्णा, जेव की रे! तुझ्या मशीनला पुन्हा हात लावणार नाही!"

एक नाही, झाडावरचे सगळे खाली आले.